भिंतीवरची खुर्ची

भीमराव सरांच्या मैदानावर टिकायचं तर आधी त्यांची जीभ सोसायला शिकावं लागे. खो-खोचा संघ बांधावा तो त्यांनीच, आणि मुलींचा पाणउतारा करावा तोही त्यांनीच. प्रियदर्शनीला ते राणीसरकार म्हणत, कारण तिचा गुडघा दुखायचा.

दुखायचा तो पुढून, वाटीच्या अगदी खाली. खो मिळून उठताना कळ थेट मस्तकात जायची. सगळ्यांनी सांगितलं, आराम कर. केला बिचारीने, आत्याकडून तेलही चोळून घेतलं. परत आली आणि पहिल्याच धावेला ये रे माझ्या मागल्या. जिल्ह्याची निवड तोंडावर आलेली, तिथे कोणाला पाठवायचं ते सर ठरवणार, आणि पुढच्या वर्षी ही वयात बसणार नव्हती.

शेवटी स्वारगेटजवळच्या फिजिओथेरपिस्ट रुपाली मॅडमनी तिला नीट समजावलं. वाटीला नडगीशी बांधणारी एक दोरी असते, ती उड्यांनी कावली आहे. पण नुसती झोपवून ठेवली तर आणखी लेचीपेची होते. तेव्हा उड्या बंद, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायचं आणि भार हळूहळू वाढवायचा. थोडं दुखलं तर चालेल, सकाळी जास्त दुखलं तर कमी करायचं. पूर्ण बरं व्हायला महिने लागतील, हेही त्यांनी बजावलं.

सरांना उड्या बंद एवढंच सांगितलं, तर मैदानात सोफा मागवू का म्हणाले. वर बेडूकउड्या वाढवल्या.

आता गंमत ऐका. उशिरा येणारीला सरांची शिक्षा ठरलेली: बाकीच्या बेडूकउड्या मारत असताना तिने भिंतीला खुर्ची करून बसायचं, मांड्या थरथरेपर्यंत. प्रियदर्शनी रोज उशिरा येऊ लागली. चहाच्या टपरीआड थांबायची, शिट्टी झाली की आत. सर मनसोक्त बोलून घेत, ही मान खाली घालून बसे. आतून नुसती धुमसत असायची, पण गुडघा निवत चालला होता. जिना उतरताना कठडा धरावा लागेना.

घात केला संघातल्याच निशाने. दोघींचं आधीपासून विळ्याभोपळ्याचं सख्य. हिने बसायचं आणि आपण उड्या मारायच्या हे निशाला सलत होतं, म्हणून टपरीआडचं थांबणं आणि मॅडमचा सल्ला, सगळं तिने सरांच्या कानात ओतलं. आपली शिक्षा या पोरीने औषध म्हणून घेतली, हे सरांना फार झोंबलं.

"खुर्ची बंद. उड्या मारायच्या, नाहीतर गेट तिकडे आहे," ते म्हणाले. "निवडीचं मग विसरा."

प्रियदर्शनीने एवढे टोमणे गिळले ते याच निवडीसाठी. पण आज उड्या मारल्या तर निवडीत खो मिळाल्यावर उठता येणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. ती गेटकडे गेली नाही, रांगेतही गेली नाही. भिंतीशी गेली, पाठ टेकली आणि बसली.

शिट्टी झाली. दोन-चार उड्यांतच निशा वाकडी झाली. गुडघा धरून लंगडत ती भिंतीशी आली.

"सरक. माझाही दुखतोय, केव्हापासून. तुझ्यासाठी नाही आले."

"माहितेय," प्रियदर्शनी म्हणाली आणि सरकली. "पाय जरा पुढे घे."

निशाएवढं वेगाने धावणारं संघात दुसरं कोणी नव्हतं. सरांनी तोंडातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"उड्या पुरे, खोला बसा," ते रांगेवर खेकसले. मग भिंतीकडे न बघताच म्हणाले, "आणि तुमची बैठक आटोपली की दोघींना खेळायला निमंत्रण पाठवू का?"