मागे कोणीतरी आहे

माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण वर्कशॉपमध्ये मला नकारघंटा म्हणतात. तोंडावर साहेब आणि पाठ वळली की नकारघंटा. काम एवढंच: वॉरंटीत आलेली गाडी तपासायची आणि बिघाड कंपनीच्या गळ्यात घालायचा की मालकाच्या, ते ठरवायचं. मालकाच्या गळ्यात घातला की मालक शिव्या देतो, कंपनीच्या गळ्यात घातला की वरचे साहेब देतात. दोन्हीकडून खाऊन खाऊन मी निगरगट्ट झालो आहे.

लोकांना वॉरंटी कळत नाही याचा मला मनापासून राग येतो. काहींना वाटतं, हॉर्न बदलला की सगळी वॉरंटी बुडाली. ते बिचारे सीटला कव्हर घालायलाही घाबरतात. काहींना वाटतं, आपण गाडीचा पार तमाशा करावा आणि कंपनीने निमूट भरून द्यावं. एकाने जादा दिव्यांसाठी मूळ वायर ब्लेडने सोलून तिथेच पीळ मारला होता. ती जळाली, तर मलाच विचारतो, "असलं कच्चं वायरिंग देता होय?" त्याला मी सरळ वाटेला लावला. दुसऱ्याने गल्ली जागी होईल असा सायलेन्सर बसवला होता, पण त्याची तक्रार होती काच वर जात नाही अशी. त्याला मंजुरी दिली, कारण सायलेन्सरचा आणि काचेचा काय संबंध? बाहेरचं काही लावलं म्हणून वॉरंटी जात नाही. लावलेल्या वस्तूने जे बिघडवलं, तेवढ्यापुरती जाते. एवढी साधी गोष्ट, पण ती सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला आहे.

त्या बाई आल्या त्या दिवशीही मी अशाच कावलेल्या मनःस्थितीत होतो. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गाडी जुनी नव्हती, वॉरंटी चालू होती, आणि सरळ रस्त्यावर चालता चालता स्टिअरिंग दगडासारखं जड झालं होतं. मी किल्ली घेतली. बाई मागे न बसता बाजूला उभ्या राहिल्या. गाडी रॅम्पसमोर सरळ करायला मी रिव्हर्स गिअर टाकला, आणि माझ्या मानेमागून एक माणूस बोलला.

"अगं ए, थांब. मागे कोणीतरी आहे."

मी ब्रेक दाबला तो जवळजवळ उभाच राहून. मागे वळून पाहिलं. मागची सीट रिकामी. काचेबाहेर फरशी, भिंत, पाण्याचा नळ. चिटपाखरू नव्हतं. आवाज मोठा नव्हता, घाईचा नव्हता. घरातला माणूस चहा पिता पिता बोलतो, तसा होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

बाई खिडकीशी आल्या. "घाबरू नका. ते आमचे हे."

"कुठे आहेत?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"वारले. गेल्या हिवाळ्यात."

मग त्यांनी सांगितलं. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामात होता. लिफ्टमध्ये मजला सांगणारी बोलकी डबी असते ना, तशी एक त्याने या गाडीत बसवली, मागच्या बंपरमध्ये सेन्सर लावले आणि त्यात स्वतःचा आवाज भरला. कारण बाईंनी गाडी मागे घेताना शेजाऱ्याची सायकल, दुधाचा कॅन आणि खुद्द नवऱ्याची स्कूटर असं सगळं क्रमाने आडवं केलं होतं. "दुनियेला चष्मे देतेस आणि तुला मागचं दिसत नाही, म्हणायचे," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसणं अर्ध्यावर राहिलं.

"फोनमध्ये उतरवून घेतलाय ना आवाज?" मी विचारलं. मला पुढचं दिसायला लागलं होतं.

"घेतलाय. पण फोनमधला आवाज गेलेल्या माणसाचा वाटतो, दादा. मी लावला तर वाजतो. गाडीतले हे आपणहून बोलतात. आधी मागे खरंच काही असलं तरच बोलायचे. ते गेल्यापासून अंगण रिकामं असलं तरी बोलतात. मी आरशात बघते, कुणी नसतं. म्हणजे मला दिसत नाही. रोज सकाळी दुकानाला निघताना मी म्हणते, हो, कळलं. आणि मग निघते."

मी आपली टायरमधली हवा बघितली.

तात्यांनी, म्हणजे आमच्या इलेक्ट्रिशियनने, गाडी उघडली. नवऱ्याचं काम पाहून तात्यांनी चक्क तोंडात बोट घातलं. प्रत्येक जोड सोल्डरने झाळलेला, वर आवरण, वेगळा फ्यूज, वायर अशी बांधलेली की कुठे घासू नये. वीज घेतली होती ती रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरवरून, म्हणजे गाडी पुढे चालताना ती डबी मेल्यासारखीच. आणि स्टिअरिंग गेलं होतं सरळ चालताना. माझं मत तिथेच झालं.

वरच्या साहेबांचं फोटो पाहूनच झालं. "बाहेरचं लावलंय ना? मग कशाला घोळ घालतोस? नाकार."

"साहेब, लावलंय म्हणून नाकारायचं नसतं. बिघडवलंय म्हणून नाकारायचं असतं."

"अरे, तू आज गिऱ्हाइकाच्या बाजूने? तब्येत बरी आहे ना?"

"मी कुणाच्याच बाजूने नाही. डबी निर्दोष आहे."

"मग सिद्ध कर. सगळं उतरव, अगदी सेन्सरसकट. त्याच्याविना गाडी चालवून बघ. बिघाड तसाच राहिला तर देऊ मंजुरी."

आता माझी पंचाईत झाली. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाकारा ना. मी माझ्या खर्चाने करते. पण त्यांना उतरवू नका."

इतक्या वर्षांत गिऱ्हाईक माझ्याकडे नकार मागायला आलं नव्हतं. मी म्हणालो, "ताई, नाकारायचं तर कारण द्यावं लागतं. कारण एकच होईल: तुमच्या यजमानांच्या जोडकामामुळे गाडी बिघडली."

त्या ताडकन उठल्या. "त्यांच्या हातचं काम? शक्यच नाही. लिफ्टमध्ये माणसं टांगलेली असायची त्यांच्या भरवशावर."

"तेच मी म्हणतोय."

"मग उतरवा," त्या म्हणाल्या. "पण परत लावाल ना? होतं तसं?"

"तात्या स्वतः लावतील. माझा शब्द." शब्द मी सहसा देत नाही.

तात्यांनी बंपर काढला, डबी उतरवली, सेन्सर उतरवले. सगळं एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी गाडी घेऊन एक फेरी मारली. वळणाच्या अलीकडेच स्टिअरिंग जड झालं, अगदी पहिल्यासारखं. मला इतका आनंद झाला की गाडीत एकटाच ओरडलो, "बघा, म्हटलं नव्हतं?" कुणाला म्हणालो कोण जाणे. परत येऊन टेबलाशी बसलो, तर त्या फडक्याकडे पाठ करून बसवेना. खुर्ची फिरवून घेतली.

मंजुरी आली. कंपनीचा नवा भाग आला, बसला. तात्यांनी नवऱ्याचं सगळं सामान वायरला वायर लावून जागच्या जागी परत बसवलं. मी बाईंना फोन केला तेव्हा त्या रडल्या, आणि मी उगाच घसा खाकरत राहिलो.

त्या आल्या तेव्हा नवीन चष्मा घालून आल्या होत्या. गाडी पुसून वर्कशॉपच्या अंगणाच्या मधोमध उभी होती, मागे भिंतीपर्यंत मोकळी जागा. "आधी यांना भेटते," असं म्हणून त्या बसल्या, किल्ली फिरवली, रिव्हर्स टाकला.

काहीच झालं नाही.

त्यांनी गिअर काढला, परत टाकला. गाडी हळूच मागे सरकली. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला अजून टाळता येत नाही.

"बोलत का नाहीत?"

मी तात्यांवर खेकसलो, "काय जोडलंत?"

"सगळं नीट आहे साहेब, मी तपासलंय," तात्या पुढे येत म्हणाले. चेहऱ्यावर कामाचा आनंद होता. "उलट आधी बिघडलेलं होतं. एक सेन्सर आत दबला होता, जमिनीकडेच बघत होता. म्हणून बाई, मागे कुणी नसलं तरी ते बोलायचं. कुठेतरी मागून टेकली असणार. मी सरळ करून दिला. आता खोटं बोलणार नाही."

बाईंची ती रोज सकाळची 'हो, कळलं'ची गोष्ट तात्यांना माहीत नव्हती. त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. त्यांच्या जागी कुठल्याही चांगल्या कारागिराने हेच केलं असतं.

बाईंचे हात स्टिअरिंगवर होते. "भिंतीला टेकवली होती," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसकार्य झालं त्या आठवड्यात. हे थांब म्हणत होते, पण मी ऐकलंच नाही." मग तात्यांना म्हणाल्या, "बरं केलंत."

मला ते बघवेना. बाईंनी निदान आवाज तरी ऐकावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी झपाझप चालत गाडीच्या मागे गेलो आणि बंपरपासून हातभर अंतरावर उभा राहिलो.

"अगं ए, थांब. मागे कोणीतरी आहे."

तोच आवाज, तीच चहाची निवांत लय. बाईंचा चेहरा उजळला, त्यांनी चटकन मान वर करून आरशात पाहिलं. आणि आरशात त्यांना मी दिसलो.

मी तिथून हलायला हवं होतं, पण तिथेच उभा राहिलो. आरशातून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग सवयीने, अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "हो, कळलं."

मी धावत खिडकीशी गेलो. "ताई, सेन्सर परत होता तसा वाकडा करून देतो. अंगठ्याने दाबायचं काम आहे. वॉरंटीला काही होत नाही, मी बघतो."

"नको, दादा." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. "आता मला माहीत झालं ना."

आमचं अंगण मोठं आहे आणि फाटक समोरच आहे. त्या सरळ निघून गेल्या. गाडी एकदाही मागे घ्यावी लागली नाही.