एकटंच उठलेलं बोट

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, पण डॉक्टरांच्या गळ्यात तुम्ही पाहता तसा नव्हे. छातीवर टेकायची माझी चकती एकच, पण तिला नळ्या दोन आणि कानात घालायच्या जोड्याही दोन. एक शिकवणाऱ्याची, एक शिकणाऱ्याची. मला जोडणारा कारागीर गमतीने म्हणाला होता, "याला काही कधी एकटं वाटायचं नाही." बरीच वर्षं त्याचं बोलणं खरं ठरलं.

रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर प्रशिक्षणाची खोली होती. तिथे नव्या मुलींबरोबर जुन्या नर्सही येत, कारण शिकलेलं विसरायला होतं आणि उपचारही बदलत राहतात. शिकवायला एक वयस्कर नर्स होत्या, सगळ्या त्यांना बाई म्हणत. रोज सकाळी देवाला हात जोडून झाले की त्या माझे चारही कान स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. हा नेम त्यांनी अंगात ताप असतानाही मोडला नाही.

त्यांची रीत साधी होती. ऐकताना बोलायचं नाही. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधे फुसफुस, म्हणजे बहुधा दोषाची खूण, ऐकू आली की मांडीवरचं बोट उचलायचं. दोघींची बोटं बरोबर उठली की बाई मान हलवत. मला तेव्हा अगदी भरून यायचं.

एकदा दूरच्या दवाखान्यातली एक नर्स आली. पन्नाशीची, सगळे तिला ताई म्हणत. खोलीचा शिपाई तिला चिडवायचा, ताई, नातवाचं दप्तर चुकून घेऊन आलात वाटतं! त्यावर ती हसून म्हणे, नातवानेच पाठवलंय, पहिला नंबर आणल्याशिवाय घरात घेणार नाही म्हणतो. खरं कारण तिने फक्त बाईंना हळूच सांगितलं होतं. छातीतली ती फुसफुस तिला ओळखता येत नव्हती, आणि तिच्या दवाखान्यात येणाऱ्या लेकरांना तपासणारं दुसरं कुणी नव्हतं.

शेवटच्या दिवशी ऐकण्याच्या सरावासाठी खालच्या वॉर्डातून एका लहान मुलीला आणलं. तिचा खोकला बरा झाला होता, ती दुपारी घरी जाणार होती. आई भरलेली पिशवी घेऊन दारातच उभी होती. बाईंनी आणि ताईने मला कानांत घातलं. ठोका, मग बारीक फुसफुस, मग ठोका. दोन्ही नळ्यांतून मी ती सारखीच पोचवली. ताईचं बोट उठलं. बाईंचं उठलं नाही. ताईने बाईंच्या हाताकडे पाहिलं आणि आपलं बोट हळूच खाली घेतलं.

मला फक्त ऐकवता येतं, मित्रांनो. सांगता येत नाही. त्या घटकेइतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

पण बाईंनी पाहिलं होतं.

"बोट खाली का घेतलंस?"

"तुमचं नाही उठलं, बाई. मलाच भास झाला असेल."

बाईंनी जोड्या बदलून पाहिल्या. डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकलं. मग शांतपणे स्वतःची जोडी कानांतून काढली.

"आता मी तुझ्या बोटाकडे बघते. ऐकू येईल तेव्हा उचल."

बाईंनी मुलीची नाडी धरली. नाडीच्या ठोक्यागणिक ताईचं बोट उठू लागलं. बाईंनी मुलीच्या आईला पिशवी खाली ठेवायला सांगितली आणि डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. मुलीच्या हृदयाच्या झडपेत दोष निघाला. देवाची दया, वेळेवर कळलं.

बाईंनी आपले कान तपासून घेतले. बारीक आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले होते. हे त्यांनी पुढच्या वर्गाला स्वतःच सांगितलं, आणि निवृत्त होईपर्यंत त्या शिकणाऱ्यांच्या खुर्चीत बसून इतरांच्या बोटांकडे बघत राहिल्या. जाताना माझे चारही कान पुसून त्यांनी मला खिळ्याला अडकवलं.

मी अजून तिथेच आहे. आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल असतो आणि त्यातले हृदयाचे आवाज माझ्याहून स्वच्छ असतात. दूरच्या ताईंना घरबसल्या शिकता येतं, हे चांगलंच आहे. पण उठून खाली गेलेलं बोट तिथे कोण बघणार? कधीतरी झाडणाऱ्या मावशी मला कानांत घालून स्वतःचीच छाती ऐकतात. दुसरी जोडी खाली लोंबत राहते.

माझं रबर चिरलंय. मला टाकून दिलंत तरी चालेल. पण मोठेपणी कुणी शिकायला आलं, तर त्याच्या शेजारी बसा. त्याचं बोट उठलं आणि तुमचं उठलं नाही, तर बाईंसारखं एकदा थांबून विचारा.