उरलेला अर्धा डबा

विनायकने शेवटचा बोल्ट काढला, मोटारसायकलच्या इंजिनाच्या कव्हरवर हातोडीच्या दांड्याने दोनदा हलकेच ठोकलं आणि ते सुटून त्याच्या हातात आलं. उरलंसुरलं काळं तेल खालच्या ट्रेमध्ये ठिबकू लागलं. क्लच सोडवून त्याने एकेक प्लेट जुन्या वर्तमानपत्रावर मांडली. चौथी प्लेट मात्र मांडली नाही. ती नाकाजवळ नेली, तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि मग काहीच विशेष नाही असं दाखवत पुन्हा पहिली प्लेट उचलली.

समोरच्या स्टुलावर बसलेले गोपाळराव हे सगळं पाहत होते. विनायकला कळलं, हे त्यांना कळलं.

पल्लवी गॅरेजच्या दाराशी, स्कूटरला टेकून उभी होती. शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन तिने सासऱ्यांना फ्रीगंजातल्या या गॅरेजात आणलं होतं. तिच्या नवऱ्याची, अनिकेतची मोटारसायकल अपघातानंतर तीन महिने पोलिसांच्या आवारात उन्हात पडून होती. परवा कोर्टाने ती घरच्यांच्या ताब्यात दिली. पुढचं चाक दुमडलेलं, हँडल वाकडं. भंगारात द्यावी, नजरेसमोर नको, असं पल्लवीचं म्हणणं होतं. "एकदा विनायककडून खोलून पाहू," गोपाळराव म्हणाले. तीन महिन्यांत या माणसाने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट, म्हणून तिने कारण विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी अनिकेत उन्हेलच्या ऑफिसातून घरी येत होता. लेकीला, ईराला ताप भरला होता आणि पल्लवीने त्याला फोन केला होता, लवकर ये. भैरवगढच्या अलीकडे सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीला ओलांडताना समोरून ट्रक आला. रस्त्याकडेच्या चहावाल्याने पोलिसांना सांगितलं, "इंजन चीख रहा था साहब, भैया बहुत स्पीड में थे." पंचनाम्यात 'तेज गति' असे दोन शब्द उमटले आणि सगळ्या घराने ते मान्य केले.

सर्वांत आधी पल्लवीने. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती कुणी न विचारता सांगायची, "मीच फोन केला होता." नाव-पत्ता सांगावा, इतक्या कोरड्या आवाजात. दहाव्या दिवशी अनसूयाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तू फोन केला नसतास तर." अनसूयाबाई काही दुष्ट सासू नव्हेत. पल्लवीच्या बाळंतपणात त्यांनी तिचे पाय दाबले होते. पण ते वाक्य त्यांनी मागे घेतलं नाही आणि पल्लवीनेही ते खोडलं नाही. दोघी एकाच ओट्यापाशी स्वयंपाक करत आणि मीठ संपलं एवढंच बोलत.

खरी गोष्ट फक्त गोपाळरावांना माहीत होती.

गोपाळरावांची आख्खी नोकरी पाण्याच्या फिल्टर प्लांटवर गेली होती. नदीच्या गढूळ पाण्यात तुरटी किती, क्लोरीन किती, हे ठरवणारा माणूस. तेव्हा जगातल्या कुठल्याही पातळ पदार्थात मापाने काहीतरी घातलं की तो सुधारतो, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. चहात सुंठ, ईराच्या दुधात बदामाची पूड, मुलाच्या गाडीच्या टाकीत महिन्यातून एकदा पेट्रोलचं औषध. पावसाळ्यात वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. खोकल्याच्या औषधाचा छोटा प्लास्टिकचा ग्लास त्यांनी खास या कामासाठी राखून ठेवला होता आणि एकदा भय्यासाहेबांना त्यातूनच खोकल्याचं औषधही पाजलं होतं. अनिकेत हसून सोडून द्यायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र विनायक मात्र तोंडावर सांगायचा, "काका, ही गाडी आहे, पेशंट नाही."

हे भय्यासाहेब म्हणजे गोपाळरावांचे मावसभाऊ. त्यांनी आपल्या कारसाठी एक भारीतला डबा आणला होता: इंजिनाच्या तेलात घालायचं, घर्षण कमी करायचं औषध. कारला तो अर्धाच लागला. उरलेला अर्धा गोपाळरावांनी मागून घरी आणला. उरलेलं टाकून द्यायचं त्यांच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा व्हायचा, जुन्या धोतराची दुपटी व्हायची. संक्रांतीनंतरच्या रविवारी अंगणात उन्हाला बसून त्यांनी तो अर्धा डबा अनिकेतच्या गाडीच्या इंजिनात ओतला. थेंबही सांडला नाही.

कारचा क्लच कोरडा असतो. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो आणि त्याला घर्षण लागतं. ते गेलं की प्लेटा एकमेकींवरून घसरतात, इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरत नाही. डब्याच्या मागच्या बाजूला हे बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. अनिकेतच्या तेराव्यानंतर आठवड्याने कपाट आवरताना गोपाळरावांनी चष्मा लावून ते वाचलं.

आणि बुधवार आठवला. बुधवारी संध्याकाळी अनिकेत म्हणाला होता, "बाबा, गाडी नुसती ओरडतेय, उचलत नाहीये. उद्या विनायकला दाखवतो."

"थांब रे जरा. औषध आहे ते, लागू पडायला दोनशे किलोमीटर तरी जावे लागतात."

अनिकेत थांबला. वडिलांचं मन मोडायचं नाही, ही त्या मुलाची खोड होती.

डबा वाचल्यापासून गोपाळरावांच्या आत काही हललं नव्हतं. रडू आलं नाही, भूक गेली नाही. रोज सकाळी दाढी करत, ईराला शाळेच्या ऑटोत बसवत, वर्तमानपत्राचं प्रत्येक पान उलटत. आपण जिवंत आहोत याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. घरात सांगून टाकायचं त्यांनी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, "दूध आणायचंय का?" त्यातून घरात तीन वेळा जास्तीचं दूध आलं आणि खरवसाएवढं दाट दही लागलं, बाकी काही झालं नाही.

शेवटी त्यांनी विनायकचा आधार धरला. विनायक स्पष्ट बोलणारा. त्याने क्लच खोलला की त्याला कळणार, आणि कळलं की तो सगळ्यांसमोर झापणार: काका, काय घातलंत हे! मग आपल्याला काही बोलावंच लागणार नाही. पल्लवी समोर असेल, ती ऐकेल, सुटेल. आपलं जे व्हायचं ते होईल. एवढ्या हिशेबाने ते आज स्टुलावर बसले होते.

"काय झालं, विनायकदादा?" पल्लवीने दारातूनच विचारलं.

विनायकने चिंध्यांनी हात पुसले. बोटं स्वच्छ झाली तरी पुसत राहिला. एकदा गोपाळरावांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"क्लच गेला होता वहिनी. प्लेटा बिल्कुल घिसल्यात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ॲक्सिलेटर कितीही द्या, गाडी पळणारच नाही. इंजिन नुसतं चिल्लावणार. ट्रॉलीच्या बाजूला आला, पिळली, पण गाडी निघालीच नाही. तिथेच फसला तो."

पल्लवी दोन पावलं आत आली. "पण तो चहावाला म्हणाला स्पीडमध्ये होता."

"त्याने आवाज ऐकला ना फक्त. स्पीड कुठून येणार? चाळीसच्या वर गेलीच नसेल गाडी. आरामात येत होता अन्या."

तिच्या खांद्यावरची पर्स घसरून कोपरात आली. तिने ती सावरली नाही. "आरामात येत होता," ती म्हणाली, आणि टायरांच्या थप्पीवर बसली. गोपाळराव तिचा चेहरा पाहत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तो जागचा हलला होता. ओठ थरथरत होते आणि ती ते दाबायचा प्रयत्न करत नव्हती.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "अशा कशा घिसल्या? दिवाळीत तर सर्व्हिसिंग झालं होतं."

"हो, इथेच." विनायक वर्तमानपत्राकडे पाहत बोलला. "तेव्हाच बदलायला पाहिजे होत्या. मीच म्हटलं, चलतील अजून. गलती माझी आहे वहिनी."

प्लेटा झिजल्या नव्हत्या. गोपाळराव दोन हातांच्या अंतरावर बसले होते, त्यांना दिसत होतं. जाडी जशीच्या तशी होती, फक्त वरून काचेसारखी गुळगुळीत आणि काळी. आजवर या पोराने कुणाची भीड म्हणून ठेवली नाही, आणि नेमकी आजच त्याला माया आली! गोपाळरावांना त्याचा राग आला. आणि लगेच लक्षात आलं, की यापेक्षा चांगलं काही घडूच शकत नव्हतं. पल्लवी सुटली होती. आपणही सुटलो होतो. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्याची त्यांना चांगली सवय झाली होती.

पल्लवी उठली.

"तुम्ही बघून ठेवल्या होत्यात, आणि बदलल्या नाहीत."

"नाही बदलल्या."

"आणि त्याला खांदा दिलात. दर रविवारी येऊन ईराला सायकल शिकवता. आमच्याकडे जेवता." तिचा आवाज चढला नाही. "मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले की मी फोन केला होता. तुम्ही ऐकत होतात."

विनायकने मान खाली घातली.

"आता घरी येऊ नका, दादा."

"ठीक आहे वहिनी."

त्याने इतक्या सहज ते घेतलं, की गोपाळरावांना बसवेना. ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून उभं राहायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"त्याने काही केलेलं नाही," ते म्हणाले.

"काका, राहू द्या ना," विनायक घाईने बोलला. "काय फायदा आता?"

"प्लेटा चांगल्या होत्या. मी तेलात औषध घातलं. भय्यासाहेबांच्या कारचं उरलेलं. त्याने क्लच घसरतो, डब्यावर लिहिलंय. मी वाचलं नव्हतं." ते सरळ रेषेत बोलत गेले, जुन्या नोंदवहीतलं वाचून दाखवत असल्यासारखे. "अनिकेत गाडी याला दाखवणार होता. बुधवारी. मीच म्हटलं, थांब."

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. विनायक उगाच पाने-पकडी गोळा करू लागला.

पल्लवी सासऱ्यांकडे पाहत राहिली. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं, आणि ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"डबा कधी वाचलात?"

"तेराव्यानंतर. आठवड्याने."

तिने मनात मोजलं असावं. "म्हणजे सव्वादोन महिने."

त्यांनी मान डोलावली.

"तुम्ही ते त्याच्या भल्यासाठी घातलंत बाबा. ते मला कळतं. ते मी कधीतरी..." तिने ते वाक्य सोडून दिलं. "पण लोक यायचे, मी त्यांना सांगायचे की माझ्या फोनमुळे झालं. आणि तुम्ही त्यांच्यासाठी पाण्याचे ग्लास आणायचात. ट्रेमधून. मी सांगत असताना."

तेव्हा गोपाळरावांना पहिल्यांदा काहीतरी झालं. ते दुःख नव्हतं. दुःख अजून कुठेतरी लांबच होतं. ती लाज होती, आणि ती इतकी साधी आणि स्वच्छ होती की त्यांना तिच्यापुढे कुठे पाहावं कळेना. डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत, कारण रडून दाखवायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं.

पल्लवीने पर्स खांद्यावर घेतली. "दादा, त्या प्लेटा कागदात बांधून द्या."

विनायकने पुडकं बांधून दिलं. ते घेताना ती म्हणाली, "रविवारी या. ईराला अजून वळता येत नाही." मग सासऱ्यांकडे न पाहता स्कूटर सुरू केली. "चला. आईंना तुम्ही सांगायचंय. मी बोलणार नाही."

टावर चौकातून स्कूटर घराकडे निघाली. गोपाळरावांनी मनात तीन-चार प्रकारे सुरुवात करून पाहिली. प्रत्येक सुरुवातीत 'मला काय माहीत' हे शब्द येत होते, म्हणून त्यांनी त्या सगळ्या टाकून दिल्या.

अनसूयाबाई आमटीला फोडणी घालायच्या बेतात होत्या. कढल्यात तेल तापलं होतं.

"काय निघालं?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

पल्लवीने पुडकं ओट्यावर ठेवलं आणि ती दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. गोपाळराव तिच्या पुढे उभे होते. दूध आणायचंय का, हे शब्द जिभेवर आले, खरोखर आले.

"गॅस बंद कर," ते म्हणाले.

"अहो, तेल तापलंय. मोहरी घालू द्या."

"बंद कर. अनिकेत वेगात नव्हता. पल्लवीच्या फोनने काही झालेलं नाही. जे झालं ते माझ्या हातून झालं."

अनसूयाबाईंनी गॅस बंद केला. त्या वळल्या, पण त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या सुनेकडे पाहत राहिल्या. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून त्यांनी ती दारापाशी, पल्लवीच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"तू बस," त्या तिला म्हणाल्या. स्वतः तिच्या मागे उभ्या राहिल्या, आणि मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "आता बोला."