अर्ध्या छटेचा फरक

ओसितानं उझोमाचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी गिलाव्याचा पोपडा पडला आणि तिचा दात तुटला. नायजेरियातल्या एनुगू शहरातल्या त्या घराच्या भिंती फिकट बदामी होत्या, आणि बदामीवर रक्त फार उठून दिसतं.

"उद्या अक्का आणि साऱ्याजणी येतायत म्हणे. तूच निरोप धाडलास ना, चुगलखोर?" तो धापा टाकत म्हणाला. "संध्याकाळच्या आत भिंत नीट कर. नाहीतर तुझं मढं बघायला येतील त्या."

मागच्या वर्षीही त्या आल्या होत्या, ओसिताच्या घराण्यातल्या साऱ्या माहेरवाशिणी. भावाच्या घरात ठाण मांडून न्याय करायचा त्यांचा हक्क. त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. पण ओसितानं आदल्याच दिवशी भिंत हुबेहूब रंगवून घेतली होती. भिंत स्वच्छ, भाऊ गोडबोल्या, आणि उझोमा खोटारडी ठरली. त्या गेल्यावर मेल्यानं तिची बरगडी मोडली.

तेव्हापासून रंग उझोमाच आणायची.

दुकानदार चिकेनं रंगांच्या सहा पट्ट्या पुढ्यात ठेवल्या: बदामी, साय, वाळू, बिस्कीट, काजू, हस्तिदंत. "वहिनी, तुमच्या भिंतीचा हा बदामी. तुम्ही मात्र दर वेळी शेजारचाच एखादा नवा उचलता. फरक अर्ध्या छटेचा आहे, पण आहे."

"तोच फरक दे रे बाबा," सुजल्या ओठांनी ती म्हणाली.

पोपडा बुजवून तिनं डागापुरताच चौकोन रंगवला. संध्याकाळी ओसितानं दिव्याखाली भिंत न्याहाळली. "सारखीच तर झाली," म्हणून खूश झाला. बदामी म्हणजे बदामी, त्यात बघायचं काय, असं म्हणणाऱ्यांतला तो.

सकाळी अकरा जणी येऊन बसल्या. सगळ्यांत थोरली अकुन्ना, ओसिताची सख्खी बहीण. "बोल, उझोमा. पण या खेपेलाही खोटं निघालं तर तुझी बाजू कोणी घेणार नाही."

"बोलत नाही, वन्सं. पडदा सारते."

कोवळं ऊन भिंतीवर आडवं पडलं आणि पाच चौकोन उमटले, प्रत्येकाची छटा निराळी.

"ओल आहे, अक्का," ओसिता घाईनं म्हणाला. "ओल आली की रंग मारावा लागतो."

अकुन्नानं उझोमाला एकेका चौकोनाला पाठ लावून उभं केलं. प्रत्येक चौकोन बरोबर तिच्या डोक्यामागे आला.

"ओल तुझ्या बायकोच्या उंचीनं येते होय रे?"

ओसिता दाराकडे वळला. दारात चौघी उभ्या होत्या. अकुन्नानं त्याची मानगूट धरली आणि त्याचं कपाळ भिंतीवर असं हाणलं, की तो लहान पोरासारखा किंचाळला. उझोमाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला! पाच चौकोनांच्या वर वीतभर उंचीवर लाल डाग उमटला.

"यावर कुणी रंग चढवायचा नाही," अकुन्ना कमरेच्या कापडाला हात पुसत म्हणाली. "दर महिन्याला मी बघायला येणार आहे."