पाण्याचा दिवस

नवा अल्बम ऐकायचा असला की लुजैनचं सोवळं सुरू व्हायचं. फोन दुसऱ्या खोलीत, दार लावलेलं, आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, बँडने लावलेल्या क्रमाने, मधलं एकही न गाळता ऐकायचं. मग बेल वाजो, जेवायची हाक येवो, बाई जागच्या हलायच्या नाहीत. बैरूत, कैरो, ट्युनिस, कुठल्याही गावच्या चार पोरांनी पदरमोड करून काढलेला अल्बम असो, सगळ्यांना हाच मान. एकोणीस वर्षांची पोरगी. विद्यापीठातल्या निम्म्या तासांना तिचा पत्ता नसे, पण नवे अल्बम यायच्या दिवशी कोंबड्याआधी जागी.

ऐकून झालं की ती इन्स्टावरच्या आपल्या पानावर मत लिहायची, आणि ते मत म्हणजे मत असायचं. गोड लिहिणं तिला जमतच नसे. एका लाडक्या गायिकेबद्दल तिने लिहिलं होतं, बाईंनी चार गाणी पुरी केली आहेत, बाकीची नुसती संपवली आहेत. अम्मानमधली बरीच पोरं तिचं पान वाचायची ती या फटकळपणासाठीच.

आणि आता तिच्या सख्ख्या भावाचाच अल्बम येत होता.

कुसैच्या बँडचं नाव 'पाचवा मजला'. ड्रम वाजवणारा राकान अम्मानच्या लुवेबदे भागात पाचव्या मजल्यावर राहायचा, तिथेच ते सराव करायचे, आणि त्या इमारतीची लिफ्ट चालू असलेली कुणाला आठवत नव्हती. कुसैने अल्बमपायी पूल बांधणाऱ्या कंपनीतली नोकरी सोडली होती आणि गेले कित्येक महिने तो त्या पाचव्या मजल्यावरच मुक्कामाला होता. बुधवारी घरी येऊन त्याने बहिणीच्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला.

"लूलू, उद्या संध्याकाळी अल्बम बाहेर जाणार. नाव आहे 'पाण्याचा दिवस'. बाहेरच्या कुणीही अजून ऐकलेला नाही."

"गाण्यांची नावं तरी सांग!"

"काही सांगणार नाही. यम्माच्या गाडीत बसून ऐक. गाडीत चांगलं वाजलं की जगात कुठेही चांगलं वाजतं. आणि खरं सांग. भाऊ म्हणून साखर पेरू नकोस."

"मी कधी पेरली?"

"म्हणूनच तर तुला देतोय."

त्यांची आई शाळेत भूगोल शिकवायची. तिने किल्ली दिली ती बॅटरीबद्दलच्या भाषणासकट. लुजैन खाली उभ्या असलेल्या गाडीत बसली, काचा वर केल्या आणि पेन ड्राइव्ह खोचला. गाडीतल्या प्लेअरचा पडदा कधीच मेला होता, आवाज तेवढा शाबूत होता.

पहिलंच गाणं संथ होतं, दमलेलं. त्याच्या शेवटी गच्चीवरची टाकी भरून वाहताना ऐकू येत होती. त्याच्यापाठोपाठ भर दुपारचं, घामाघूम गाणं आलं, मग एकदम अंगाई, मग कपडे आपटल्यासारखा दणदणाट. एकेक गाणं झकास होतं. दोन ठिकाणी तर तिच्या अंगावर काटा आला. पण कुणाचं कुणाशी काही देणंघेणं नव्हतं. अल्बम संपला. खोटं बोलावं असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं, आणि तेही जमेना.

"गाणी चांगली आहेत," ती फोनवर म्हणाली. "पण त्यांचा अल्बम झालेला नाही. सुरुवात शेवटासारखी आहे आणि मध्ये काही धागाच नाही."

पलीकडे कुसै म्हणाला, "क्रम मीच लावला होता. बाकीच्यांशी भांडून."

"कुसै, माझं काय मनावर घ्यायचं!"

"तुझं नाही तर कुणाचं? बरं झालं सांगितलंस."

त्या दिवशी लुजैनला जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी राकानचा फोन आला. "काय गं, काय सांगितलंस त्याला?"

"खरं ते."

"तुझ्या खऱ्याने आमची वाट लावली! अल्बम पाठवू नका म्हणतो. गिटार पेटीत घालून बसलाय. पुन्हा जाऊन पूल बांधतो म्हणे. अगं, तो ऐकतच नाहीये कुणाचं!"

लुजैनच्या तोंडचं पाणी पळालं. ती आईकडे धावली. "यम्मा, आत्ताच्या आत्ता लुवेबदेला चल."

"आत्ता? डोकं ठिकाणावर आहे का? आज पाण्याचा दिवस! मोटार लावलीय, चादरी भिजवल्यात. आता चुकलं की आठवडाभर बसा कोरडे."

"कुसै गाणं सोडतोय. माझ्यामुळे."

आईने हात पुसले. गेली दोन वर्षं ती रोज देवाकडे हेच मागत होती, पोराने गाणं सोडावं आणि नोकरी धरावी. आता मागितलेलं मिळत होतं तर तिचा चेहरा पडला. ओल्या चपलांनीच ती जिना उतरली.

गाडी सुरू झाली तसा पेन ड्राइव्हही सुरू झाला.

"हा कुठला दंगा?"

"कुसैचा अल्बम. बंद करू?"

"राहू दे," आई म्हणाली. पोराचं गाणं ती आजवर बंद दाराआडूनच ऐकत आली होती, तेही आवाज कमी कर म्हणून दार वाजवण्यापुरतं. चढणीवर रहदारी तुंबली. मधेच गाण्यातून गल्लोगल्ली सिलिंडर विकणाऱ्या गॅसच्या गाडीची धून आली तेव्हा तिने सवयीने मान बाहेर काढली आणि मागचा टॅक्सीवाला तिला काहीबाही बोलला. पुढच्या गाण्यात टाकी भरून वाहिली. त्याच्या पुढच्या गाण्यात रिकाम्या नळातून हवा सूं सूं करत सुटली आणि बायका ओरडल्या, "आलं! पाणी आलं!"

"हे काय?" आई म्हणाली. "टाकी मघाशीच भरून वाहिली की. आणि पाणी आत्ता येतंय?"

"यम्मा, गाणी आहेत ती."

"गाणी असली म्हणून काय झालं? आधी पाणी येतं, मग टाकी भरते. दर आठवड्याला मीच त्याला गच्चीवर पिटाळत होते. माझा पोरगा एवढी चूक करायचा नाही."

लुजैन मेलेल्या पडद्याकडे बघत राहिली. त्याच्याखाली एक छोटं बटण होतं, एकमेकांना छेदणाऱ्या दोन बाणांचं. ते आत दाबलेलं होतं.

"यम्मा, हा गाणी उलटसुलट लावतो?"

"मग! मीच दाबून ठेवलंय. नाहीतर दरवेळी माझ्या गाण्यांतली तीच बाई आधी रडायला लागते."

लुजैनला हसू आलं आणि रडूही, आणि तिने दोन्ही एकदम केलं. सगळ्या जगाला क्रमाचं सोवळं शिकवणारी ती, आणि भावाचा अल्बम तिने फोडणीच्या डब्यासारखा हलवून ऐकला होता! तिने आईच्या गळ्यात हात टाकून तिचे मुके घेतले. सिग्नल हिरवा झाला होता, मागून भोंग्यांचा नुसता कल्लोळ.

पाचव्या मजल्याचं दार कुसैनेच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"बटण!" लुजैन धापा टाकत म्हणाली. "गाडीतलं... बाण... यम्माने..."

"ही काय बोलते?" कुसैने राकानला विचारलं.

आई कठड्याला धरून शेवटची पायरी चढली. "माझ्या गाडीत गाणी उलटीपालटी वाजतात रे. तिला कुठे ठाऊक! आणि ही लिफ्ट दुरुस्त करून घ्यायला कुणाला लाज वाटते का?"

कुसै मटकन उंबऱ्यावर बसला. "म्हणजे तू माझा अल्बम ऐकलाच नाहीस?"

"नाही!"

"अल्हम्दुलिल्ला," तो म्हणाला आणि तोंड ओंजळीत घेऊन बसून राहिला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, पण लुजैनचा अजून अर्ध्यावरच होता. ऐकायचं अजून राहिलंच होतं, आणि खोटं बोलणं तिला आजही जमणार नव्हतं.

चौघं खाली येऊन गाडीत बसले. बटण लुजैनने स्वतः सोडवलं. आता सकाळ झाली, रिकामी टाकी ठण् ठण् वाजली, नळातली हवा सुटली. बायका ओरडल्या. कपडे आपटले, दुपार तापली, पोरं न्हाऊन झोपली. काल अनोळखी माणसांसारखी भेटलेली गाणी आज एकाच घरातली निघाली. शेवटचं संथ, दमलेलं गाणं लागलं तेव्हा लुजैनने काचेकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. शेजारीण एवढ्या मोठ्याने बोलत होती की सगळ्यांना ऐकू आलं. "उम्म कुसै, तुमची मोटार चालूच आहे! टाकी भरून वाहतेय, पाणी जिन्यात आलं!"

भांडं विसळलेलं पाणीसुद्धा कुंडीत घालणारी बाई ती. लुजैन दाराला हात घालून तयारच होती.

"वाहू दे जरा," आई हळूच म्हणाली. "माझ्या पोराचं शेवटचं गाणं चाललंय." आणि तिने फोन ठेवून दिला.

गाणं संपलं. कुसै वळून बहिणीकडे बघत होता.

"बोल," कुसै म्हणाला.

लुजैनने नाक पुसलं. "तिसरं गाणं लांबलंय. शेवटचा गिटारचा तुकडा दोनदा घेतलायस, एकदाच पुरे होता."

"आणि?"

"आणि काही नाही."

कुसै हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. लूलूने नुसतं छान म्हटलं असतं तर त्याने आयुष्यभर विश्वास ठेवला नसता.

"मला तर तिसरंच आवडलं," आई गाडी सुरू करत म्हणाली.

"पाठवू मग?" राकानने विचारलं.

"पाठव," भाऊबहीण एकदम म्हणाले. गाडी चालू झाली तसा अल्बम पुन्हा पहिल्यापासून लागला. सवयीने आईचा हात त्या बटणाकडे गेला, आणि तसाच परत आला.