गाडी नंबर चारशे सतराचं अपील

नोटीस आली ती ज्योतीरामच्या नावावर. चऱ्होलीच्या कोतवालानं ती त्याच्या बायकोच्या, गोजाबाईच्या हातात दिली आणि अंगठा घेतला. धाकटा दीर उद्धवराव चौथी शिकलेला. त्यानं ओट्यावर बसून ती मोठ्यानं वाचली. चाकणच्या पुढं, नाशिक रस्त्यावरच्या पुलाच्या नाक्यावरून बैलगाडी नंबर चारशे सतरा दोन आणे टोल न भरता गेली. तारीख बावीस जानेवारी एकोणीसशे छपन्न, वेळ पहाटेची. त्याबद्दल मालकाला पाच रुपये दंड. हरकत असेल तर पंधरा दिवसांत खेडच्या कचेरीत अपील करावं.

"पुन्यांदा वाचा भावजी," गोजाबाई म्हणाली.

"काय वाचायचं? पाच रुपयं मागत्यात."

"तारीख वाचा."

उद्धवरावानं तारीख वाचली. मग गाडीच्या नंबरावरून पुन्हा बोट फिरवलं.

ज्योतीरामला घर सोडून तीन वर्षं होत आली होती. त्यांची एकुलती एक सखू सहा वर्षांची होऊन तापानं गेली, आणि त्यानंतर त्याचं घरात मन लागेना. पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना उभा राहायचा होता. तिथं दगड वाहायला म्हणून तो गाडी घेऊन जाऊ लागला. आधी रोज घरी यायचा, मग आठवड्यानं, मग पंधरवड्यानं. शेवटी आलाच नाही. उद्धवरावानं पिंपरीला खेपा घातल्या, तळेगावला जाऊन आला. कुणी म्हणे ठेकेदाराबरोबर गेला, कुणी म्हणे गाडी विकली. गावातल्या दोघी-तिघींनी आडून आडून कुंकवाचा विषय काढला, तेव्हा गोजाबाई पाण्याला जायची वाट बदलून गेली.

गाडीपट्टी मात्र ती दर वर्षी भरत होती. उद्धवराव चिडायचा. "गाडी न्हाई, बैल न्हाईत, आन पट्टी कसली भरता वहिनी?" ती म्हणायची, "न्हाई भरली तर नाव काडतील." तिनं पट्टी भरली म्हणूनच चारशे सतरा नंबरपुढं ज्योतीरामचं नाव राहिलं होतं, आणि म्हणूनच नोटीस घरी आली होती.

"गाडी आमच्या ताब्यात न्हाई असं ल्हिऊन देऊ," उद्धवराव म्हणाला. "दंड माफ व्हईल."

"माफ कुनाला पायजे? नाक्यावरच्यानं गाडी हाकनारा बगितला असंल. अपील केलं तर त्याला कचेरीत यावं लागंल न्हवं?"

दुसऱ्या दिवशी दोघं चालत मोशीला आली आणि तिथून एस.टी.नं खेडला गेली. कचेरीच्या आवारात लिंबाखाली आबाजी नावाचा म्हातारा अर्जनवीस बसायचा. त्यानं नोटीस वाचली आणि टाक दौतीत बुडवला.

"मागणं काय? दंड माफ व्हावा, हेच ना?"

"न्हाई. नाक्यावरचा मानूस सायबापुढं उभा करावा, येवढंच ल्हिवा."

आबाजीनं टाक तसाच धरून तिच्याकडं पाहिलं. "बाई, असं अपील नसतं. त्यात काहीतरी मागावं लागतं."

"मग हेच मागते की."

उद्धवरावानं खालच्या आवाजात सगळी हकिकत सांगितली. आबाजीनं कोरा कागद पुढं ओढला. मग लिहीत लिहीत वाचू लागला, "गाडी तीन वर्षं घरी नाही. सबब ती हाकणारा इसम कोण होता, याची नाकेदाराच्या जबानीवरून खात्री करावी. चालेल?"

"चालंल. पन त्यास्नी कुनी धरून न्हेनार न्हाई न्हवं?"

"दोन आण्यांच्या टोलासाठी कुणी कुणाला धरत नाही."

महिन्यानं तारीख लागली. तो महिना गोजाबाईला मागच्या तीन वर्षांपेक्षा जड गेला. पूर्वी वाट बघायची ती कुठल्याच दिवसाची नव्हती. आता दिवस ठरला होता. भाकरी थापताना, गवत कापताना ती एकच गोष्ट घोळवायची. गाडीवर दुसराच कुणी निघाला तर? आणि तेच निघाले, तर मग आले का नाहीत?

नाकेदार मारुतराव वाळक्या अंगाचा, खाकी कोटातला माणूस होता. काखेत नाक्याचं पुस्तक धरून तो साहेबाच्या टेबलापुढं उभा राहिला.

"पहाटं गाडी आली साहेब. आत गोधडीत गुंडाळलेली पोरगी होती, चार-पाच वर्षांची. अंग नुसतं भाजत होतं. गाडीवाला म्हणाला, खेडला दवाखान्यात नेतोय, जवळ पैसा न्हाई, येताना देतो. मी दांडी वर केली. पण वरचे तपासनीस नाक्यावर मुक्कामाला होते, म्हणून नंबर लिहावा लागला."

"माणूस कसा होता?"

"उंच. दाढी वाढलेली. डोक्याला मफलर."

गोजाबाई तशीच उभी होती. अशी पन्नास माणसं असतील.

"पुढं पुलाच्या चढाला बैल अडले," मारुतराव सांगत राहिला. "दुसऱ्यानं चाबूक ओढला असता. हा खाली उतरला, बैलांच्या म्होरं गेला आणि त्यांच्याकडं पाठ करून चालायला लागला. मला म्हणाला, येत्यात माझ्यामागं. आणि आले की साहेब!"

गोजाबाईनं टेबलाची कड धरली. चऱ्होलीच्या नदीचा चढ तो असाच चढायचा. मागं वळूनसुद्धा बघायचा नाही.

साहेब तरुण होता, मनानं चांगला होता. तो म्हणाला, "बाई, गाडी चोरीला गेली होती का? किंवा न विचारता कुणी नेली होती? तसं असेल तर दंड माफ करता येईल."

उद्धवरावानं तिला खुणावलं. एक 'व्हय' म्हणायचा अवकाश होता.

"चोरीला न्हाई गेली. मालकच व्हतं गाडीवर."

"मालक म्हणजे? नाव सांगा."

लग्न होऊन सतरा वर्षांत तिनं ते नाव उखाण्यातच घेतलं होतं. तिनं पदर सावरला.

"ज्योतीराम," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "ज्योतीराम तापकीर. माझं मालक."

"मग दंड कायम राहील."

"ऱ्हाऊ द्या. पन तेवढं कागदात ल्हिवा. बावीस तारखंला ते गाडीवर व्हते."

साहेबानं कारकुनाला तसं लिहायला सांगितलं. गोजाबाईनं कनवटीचे पाच रुपये काढून टेबलावर ठेवले.

बाहेर आल्यावर तिनं मारुतरावाला गाठलं. "दादा, ती पोरगी?"

"चौथ्या दिवशी परत गेली. गाडीत बसून ऊस खात होती. त्यानं दोन आणे पुढं केले, पण नंबर वर गेला होता; नोटीस घरी जाईल म्हणालो." तो जरा घुटमळला. "पलीकडं दगडखाण आहे, तिथला आहे तो. शनिवारी नाक्यावरून खेडकडं दगड घेऊन जातो कधीकधी."

पुढच्या शनिवारी ती एकटीच गेली. उद्धवराव येतो म्हणत होता, तिनं येऊ दिलं नाही. नाक्याच्या चौकीच्या सावलीत ती सकाळपासून बसली. मारुतरावानं चहा दिला, तो तिनं तसाच गार केला. गाड्या येत होत्या, दांडी वर-खाली होत होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा चारशे सतरा नंबरची गाडी आली.

तो खूप वाळला होता. तिला बघून त्यानं कासरा ओढला. खाली उतरला, पण जवळ आला नाही. गोजाबाई चौकीच्या सावलीतून उठली आणि दांडीपाशी येऊन उभी राहिली.

"नोटीस आली व्हय घरी?" त्यानंच विचारलं.

"आली. पोरगी कुनाची?"

"दुर्गाबाईची. तिचा नवरा खाणीत दगडाखाली गेला. माझ्या शेजारच्या खोपटात ऱ्हाती ती."

"शेजारच्या?"

"शेजारच्याच." त्यानं नजर चुकवली नाही. गोजाबाईनं ते खरं धरलं.

"घरी चला."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "किती येळा निघालो. मोशीपतुर यायचो आन बैल वळवायचो. आपल्या ओट्यावर सखू बसलेली दिसती गं मला. पाय उचलत न्हाई."

"मला बी दिसती," गोजाबाई म्हणाली. "रोज दिसती. मी तिथंच ऱ्हाते."

त्याचा हात थांबला. तोंडावर मफलर धरून तो चाकाला टेकून खाली बसला. मागून दुसरी गाडी आली, तिचा गाडीवान ओरडू लागला. मारुतरावानं त्याला बाजूनं काढून दिलं. गोजाबाई नवऱ्याच्या शेजारी मातीत बसली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा सदऱ्याखालची हाडं हाताला लागली.

"अक्षय्यतृतीयेला येतो," उठताना तो म्हणाला.

तिनं शपथ घातली नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही. नुसतं "या" म्हणाली.

तो आला. ओट्यावर चढला नाही, मागच्या दारानं आत शिरला. दोन दिवस राहिला, घराची कौलं चाळली आणि गेला. गावानं तोंडात बोटं घातली, उद्धवराव त्याच्याशी बोललाच नाही. भाद्रपदात पोळ्याला आला तो नऊ दिवस राहिला. सातव्या दिवशी संध्याकाळी गोजाबाई भाकरी करून बाहेर आली, तर तो ओट्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. तिनं ताट तिथंच नेऊन ठेवलं.

दहाव्या दिवशी सकाळी त्यानं बैल जुंपले. "दिवाळीला जरा जास्त ऱ्हातो," तो म्हणाला.

गोजाबाईनं फडक्यात भाकरी बांधून दिली. गाडी पांदीच्या वळणाला गेली, तेव्हा तिला वाटलं, हाक मारावी. तिनं मारली नाही. बाजरी कणसावर आली होती, पाखरं उतरायच्या आत रानात पोचायला हवं होतं. ती गोफण घेऊन निघाली, आणि वाटेनं बोटांवर दिवाळीचे दिवस मोजत गेली.