पडद्यावरचा चुगलखोर

दोडामार्गला तंबूत सिनेमा लागायचा तो पौराणिक, नाहीतर मारामारीचा. इंग्रजी खेळ एकदाच लागला, गोवा अजून पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या ताब्यात होता तेव्हा. शाळेतले गुरुदास मास्तर तंबूवाल्याच्या खनपटीला बसले आणि त्यांनी तो बेळगावहून आणवला. एका गाजलेल्या कादंबरीवरचा सिनेमा. खेळ चालू असताना मास्तर पडद्याच्या बाजूला उभे राहून कर्ण्यातून गोष्ट सांगत होते: या देशात प्रत्येकाने चौकीवर जाऊन शेजारी काय बोलला ते सांगायचं. जो सांगत नाही तो एक दिवस नाहीसा होतो, आणि त्याचं नाव परत कोणी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मास्तरांनी सगळ्यांना वाचनालयात बोलावलं. सिनेमा कसा वाटला ते ज्याने त्याने सांगायचं.

बायकांत शेवंती गवस बसली होती. तिचा नवरा धोंडू पलीकडे गोव्यात, डिचोलीजवळच्या खाणीवर मुकादम होता. सरहद्द बंद झाल्यापासून तो अधूनमधून रानवाटेने घरी यायचा. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी काही पोरं खाणीमागच्या रानात लपली होती आणि धोंडू त्यांना भाकरी पोचवत होता. हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, अशी शेवंतीची समजूत होती.

दाराजवळच्या बाकावर लवू नाईक होता. कापडाचा व्यापारी, त्याच्याकडे सरहद्द ओलांडायचा पास होता. त्याच्याशी मोकळेपणी बोललेले दोघेजण पलीकडे पकडले गेले, तेव्हापासून तो दिसला की लोक बोलणं बदलायचे. पुरावा कोणाकडेच नव्हता.

"माका काय पटूक नाय," दुकानदार बाळा म्हणाला. "शेजारीच शेजाऱ्याचां नाव सांगता? असां खंय घडता?"

यशोदा सुईण म्हणाली, "शेवटाक ती शिनेमातली बाईल नदी पार करून सुटली, तेवां माका बरां वाटलां."

"कादंबरीत कोणीच सुटत नाही," मास्तर चिडून म्हणाले. "नदी सिनेमावाल्यांची. लोकांनी हसत घरी जावं म्हणून आणलेली. पुस्तकाचा त्यांनी जीवच काढून घेतलाय."

"तां ऱ्हवांदे, मास्तरांनू," बाळाने परत विचारलं. "असां घडता खंय, तां सांगा."

शेवंतीचे ओठ हलले. पलीकडे, डोंगराच्या त्या बाजूला, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिची नजर लवूवर गेली. तो तिच्याकडेच बघत होता.

"शिनेमात घडता," ती म्हणाली. दोघेतिघे हसले.

लवू उभा राहिला. "माका एक सांगूचां आसा."

हसणं थांबलं.

"शिनेमातलो तो चुगली करणारो. तेका कसो दाखवल्यानी? बारीक डोळे, कपाळार वण, नोटा मोजता. तां खोटां. तेका पैसे मिळनत नाय. तेची आई थंय चौकीवाल्यांच्या मुठीत आसता. एकदा तिका दिसभर चौकीर बसवन ठेवतत. मगे तो एक नाव सांगता. मगे दुसरां. आणि घराक येवन जेवता. तेका भूक लागता, मास्तरांनू. तां दाखवक होयां होतां."

बाळा ताडकन उठला. "भायर हो! माझो भाव थंय अजून तुरुंगात आसा!"

"बाळा, खाली बसा," मास्तर म्हणाले, पण बाळा बसला नाही. लवू आपणच बाहेर गेला. त्याच्यामागून बाकीचेही एकेक करून पांगले.

शेवंती शेतातल्या पायवाटेला लागली, तर पुढे लवू थांबलेला.

"वैनी, धोंडूचां नाव मियां सांगलंय. आज सांजेक तेका धरूक येतले. तेका घेवन ये."

शेवंती दोन पावलं त्याच्याकडे गेली. "आणि आज माका सांगतस? कित्याक?"

"तू बोलूक गेलंस, आणि माका बघून गप रवलंस," तो म्हणाला, आणि निघून गेला.

हा सापळा असला तर? आपण जायचं, आणि आपल्या मागून ते त्या पोरांपर्यंत पोचायचे. पण घरी बसून संध्याकाळ होऊ देणं तिला जमणार नव्हतं. मुलीला यशोदेकडे ठेवून ती काजूच्या रानातून चढली. दर थोड्या वेळाने थांबून मागे कान देत होती. वाळलेल्या पानांवर तिचेच पाय वाजत होते.

धोंडू खाणीवरच्या खोपटीत जेवत होता. तिला बघून त्याचा घास हातातच राहिला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "लवू? तेच्यार इश्वास ठेवतंस तू?"

"ठेवणंय नाय. पण चार माणसांत उभो रवान तो स्वतावरच बोललो. चल तू."

धोंडूने ताट बाजूला सारलं. मग हात धुऊन उठला. वाटेत तिला एका झाडाखाली बसवून तो पोरांना सावध करायला रानात शिरला. तेवढा वेळ शेवंती आल्या वाटेकडे बघत बसली. मागून कोणी आलं असेल तर ते आता दिसणार होतं.

धोंडू आला. एकटाच. "गेले ते," तो म्हणाला.

अर्ध्या चढणीवरून त्यांनी खाली बघितलं. लाल धूळ उडवत एक जीप खोपट्यांपाशी येऊन थांबली. त्याच्या खोपटीतून भांडी बाहेर फेकली गेली, त्यांचा आवाज वरपर्यंत आला. धोंडू खालीच बसला. शेवंतीने त्याला दंडाला धरून उठवलं.

लवूचा पास त्याच आठवड्यात रद्द झाला. पलीकडे राहणाऱ्या त्याच्या आईला चौकीवर नेलं, आणि सोडलं तेव्हा तिला नीट चालता येत नव्हतं असं कानावर आलं. गोवा मोकळा होईपर्यंत लवूला तिच्याकडे जाता आलं नाही. गावात कोणी त्याच्याकडून कापड घेईना.

पावसाआधी एकदा तो गवसांच्या अंगणात आला. धोंडू आतूनच ओरडला, "तेका सांग, मी घरात नाय!"

शेवंतीने तांब्याभर पाणी आणून दिलं. लवू प्यायला.

"तो घरात आसा," ती म्हणाली. "तेका तुझां तोंड बघूचां नाय."

"बरोबर आसा तेचां," लवू म्हणाला. तांब्या ओट्यावर ठेवून तो निघाला. तो कुंपणाच्या बेड्याबाहेर पडेपर्यंत शेवंती दारात उभी होती.